कॅम्पिंगला काय काय न्यायचं? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की नागपुरात तंबूची हौस उफाळून येते. पेंच, खिंडसी, नवेगाव बांध, चिखलदरा, जरा लांब म्हणजे पचमढी. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी घरी. अशा एक-दोन रात्रींच्या मुक्कामाआधी लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधीच एक सांगून ठेवतो: आपल्याकडे खाण्याची पिशवी कधीच कमी पडत नाही. कमी पडतं ते अंथरूण, नाहीतर पाणी. म्हणून खाली झोपण्यावर जास्त लिहिलंय. तरी रोडग्यांवर गाडी घसरलीच आहे, तेवढं चालवून घ्या.

पेंच किंवा ताडोबाच्या जंगलात कुठेही तंबू ठोकता येतो का?

नाही. राष्ट्रीय उद्यान असो की अभयारण्य, आत शिरायलाच परवानगी लागते, मुक्काम तर दूरची गोष्ट. हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. आणि वाघाच्या वाटेवर झोपू नये हे कळायला कायदा कशाला लागतो?

तंबू लागतात ते जंगलाबाहेर: गेटजवळची रिसॉर्टं, निसर्ग पर्यटनासाठी ठरवून दिलेल्या जागा, तलावाकाठची खासगी ठिकाणं, ओळखीच्या माणसाचं शेत. बॅग भरायला घेण्याआधी तिथे फोन करा आणि चारच गोष्टी विचारा. अंथरूण-पांघरूण देता का, पिण्याचं पाणी कुठलं, संडास तंबूपासून किती लांब, शेकोटी चालते का. अर्धी बॅग या उत्तरांवर ठरते. ‘सगळं मिळतं सर’ एवढ्यावर फोन ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी ‘सगळं’ म्हणजे एक पातळ गादी आणि एक ब्लँकेट.

सोबत सफारी असेल तर बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलंय तेच मूळ ओळखपत्र घ्या. मोबाइलमधल्या फोटोवर गेटवर वाद घालण्यात सकाळ जाते.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत उंच आणि ओलं असतं, मार्चपासून दुपार सोसत नाही. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असतं.

थंडी नागपुरात पडते कुठे? स्वेटर खरंच लागतो का?

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. दरवर्षी तसं होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत ८-१० अंश म्हणजे नित्याचंच. शिवाय शहरातलं डांबर-सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्रभर ऊब सोडत राहतं. खिंडसीच्या काठावर तसं काही नाही. आकाश निरभ्र असलं की उघडी जमीन आपली उष्णता भराभर टाकते, थंड हवा जड म्हणून खोलगट जागेत येऊन साचते, आणि आपण नेमका तिथेच तंबू लावलेला असतो, कारण जागा सपाट होती.

घोटाळा होतो तो दुपारमुळे. निघताना ऊन २८ अंशांचं, अंगात टी-शर्ट, त्यामुळे बॅगेत पण टी-शर्टच जातात. रात्री दहापर्यंत गप्पांत काही जाणवत नाही. पहाटे तीन-चारनंतर मात्र एकेक जण उठून गाडीत जाऊन बसतो.

कपडे थरांत घ्या. आत अंगाला बसणारं थर्मल, वर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर वारा अडवणारं जर्किन. एका जाड जॅकेटपेक्षा हे बरं, कारण दुपारी एकेक काढता येतं. जीन्स नको. दवाने ओली झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळत नाही आणि रात्री पायाला थंडगार लागते. झोपायचे कपडे पूर्ण वेगळे ठेवा, पन्नीत गाठ मारून, आणि दिवसा त्यांना हात लावू नका. दिवसभराच्या घामाने दमट झालेल्या कपड्यांत कितीही पांघरलं तरी हुडहुडी जात नाही. कानटोपी आणि लोकरी मोजे हवेतच. हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागतो, तिथे हे दोन्ही मिळतं.

स्लीपिंग बॅग विकत घ्यावी, की घरचं ब्लँकेट चालेल?

वर्षातून एकदा जाणार असाल तर घरची जाड रजई किंवा दोन ब्लँकेटं चालतात. गाडी आहे, वजनाची चिंता नाही. पण हा प्रश्न अर्धाच आहे. लोक पांघरायला काय न्यायचं ते विचारतात, अंथरायला काय न्यायचं ते कोणी विचारत नाही, आणि झोप तिथेच जाते.

पांघरूण ऊब देतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली आलेला भाग वजनाने चेपतो, हवा निघून जाते, आणि कितीही महागडी स्लीपिंग बॅग असली तरी खालून जमीन अंगातली ऊब ओढत राहते. त्यामुळे खाली न चेपणारं काहीतरी पाहिजे. फोमची गुंडाळता येणारी चटई यासाठी उत्तम. ती नसेल तर फ्रीजच्या किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी. दिसायला गरीब, पण झोप लागते. हवा भरायची गादी मऊ असते म्हणून लोक हौसेने घेतात. तिच्यात आतली हवा खेळती राहते आणि पाठ गार पडते. तीच न्यायची असेल तर तिच्यावर जाड गोधडी टाकाच.

स्लीपिंग बॅग घेत असाल तर तिच्यावर छापलेली तापमानं नीट वाचा. ‘कम्फर्ट’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो आपला. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे त्या तापमानाला जीव वाचेल इतकंच, झोपेची हमी नाही. दुकानदार बहुधा हाच दुसरा आकडा सांगतो. आपल्याकडच्या हिवाळ्याला कम्फर्ट ५ अंशांच्या आसपास असली की पुरे. पचमढी-चिखलदऱ्याला, म्हणजे हजार मीटरच्या वर, आत एक शाल जास्तीची.

झोपताना पाण्याची बाटली गरम पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. सकाळी तेच कोमट पाणी तोंड धुवायला होतं.

तंबू किती माणसांचा घ्यावा?

चार माणसांचा तंबू म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. म्हणून माणसं मोजा आणि एक वाढवा. बाहेरचं दुसरं आवरण सुटं असलेलाच तंबू घ्या. एकपदरी तंबूत रात्री श्वासातली वाफ छताला लागून थेंब होऊन खाली पडते आणि लोकांना वाटतं तंबू गळतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की हे आणखी वाढतं. वरची जाळी थोडी उघडीच ठेवायची.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या आपल्या मुरमाड जमिनीत वाकतात. लोखंडी जाड खुंट्या आणि छोटा हातोडा वेगळा घ्या. तंबूखाली ताडपत्री टाकणार असाल तर ती तंबूच्या कडेपेक्षा आत दुमडा. बाहेर डोकावणारी ताडपत्री पावसाचं आणि दवाचं पाणी गोळा करते आणि थेट पाठीखाली आणून सोडते.

आणि नवा तंबू निघण्याच्या आधी घरच्या गच्चीवर एकदा उभा करून पाहा. काठ्या किती, कोणती कुठे जाते, चेन नीट चालते का हे उजेडात कळू द्या.

ढगाळ वातावरण आहे. पावसाळी सामान काय घ्यावं?

एक मोठी ताडपत्री, वीस-तीस मीटर नायलॉनची दोरी, आणि भरपूर जाड पन्न्या. ताडपत्री तंबूच्या वर नको, स्वयंपाकाच्या जागेवर बांधा. पावसात माणसं तंबूत मावतात, चूल मावत नाही. काळ्या मातीच्या शेतात मुक्काम असेल तर पाऊस पडल्यावर गाडी बाहेर निघणं कठीण होतं. गाडी आधीच पक्क्या रस्त्याच्या कडेला लावा.

विदर्भात वीज पडण्याचे प्रकार पुष्कळ. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे, ते मोबाइलमध्ये टाकून ठेवा. गडगडाट सुरू झाला की एकट्या झाडाखाली, तलावाच्या काठावर किंवा तंबूत थांबू नका. काचा वर करून गाडीत बसा.

उन्हाळी सुट्ट्यांत मुलांना न्यायचं आहे. काय न्यावं?

मुलांना चिखलदऱ्याला न्या, एवढंच खरं उत्तर आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. तंबूच्या आत त्याहून वाईट. फेब्रुवारीअखेरपर्यंत ठीक, त्यानंतर सपाटीवरचा तंबू म्हणजे हौसेने घेतलेला ताप.

तरी जाणारच असाल, तर माणशी एक पांढरा सुती दुपट्टा. डोक्याला बांधा, ओला करून मानेवर टाका, रात्री उशीवर अंथरा, गरम गंज उतरवायला धरा. कैरीचं पन्हं घट्ट करून शिशीत भरून न्या, तिथे पाणी घालायचं. ओआरएसची पाकिटं घ्या. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका. आणि गॅसचा डबा, पॉवर बँक, लायटर बंद गाडीत उन्हात सोडून जाऊ नका.

पाणी किती न्यायचं?

हिवाळ्यात पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर, उन्हाळ्यात पाचच्या वर. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं वेगळं. चौघांच्या एका रात्रीसाठी वीस लिटरची एक जार पिण्याला आणि एक वापरायला, असा साधा हिशेब धरा. जारला लावायचा छोटा पंप किंवा तोटी न्या, नाहीतर प्रत्येक वेळी जार वाकवण्यात अर्धं पाणी जमिनीला. एक गडवा पण घ्या.

तलावाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळ उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

जेवणाचं काय करावं? घरून करून न्यावं की तिथे करावं?

पहिल्या रात्रीचं तिथे, बाकी घरून. आणि तिथे करायचंच तर मॅगी-सँडविचसाठी एवढा खटाटोप कशाला? रोडगे करा. मोकळ्या जागेसाठीच बनलेलं जेवण आहे ते. ना तवा लागतो ना कढई.

कणीक जाडसर दळलेली हवी, इतवारीत सांगून दळून मिळते. घरूनच त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन चोळून डब्यात भरा. तिथे फक्त पाणी घालून घट्ट मळायची. पोळी लाटून तूप लावायचं, त्यावर दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी सगळं मिळून गोळा वळायचा. ज्वाळा संपून गोवऱ्यांचा लाल निखारा झाला की त्यात ठेवायचे, राखेने झाकायचे, अधूनमधून फिरवायचे. घाई करणाऱ्याचे रोडगे बाहेरून काळे आणि आतून कच्चे निघतात. भाजून झाले की स्वच्छ गोणपाटावर घेऊन राख झटकायची, हातानेच फोडायचे. आतून पापुद्रे सुटे होऊन वाफ निघाली म्हणजे जमले. तूप, फोडणीचं वरण आणि वांग्याची भाजी. त्याच निखाऱ्यात दोन वांगी आणि चार आलू पुरून ठेवले की दुसऱ्या दिवशीच्या भरताचंही काम होतं.

म्हणजे बॅगेत काय गेलं? चुंगडीभर गोवऱ्या, लांब चिमटा, कोपर, वरणाला एक गंज, सराटा, पळी, सुरी, गोणपाट, तुपाची बरणी. वरणाची डाळ घरीच शिजवून घोटून न्या. सांबार धुवून, कोरडा करून कागदात गुंडाळा. भाजीचा मसाला घरी भाजून-वाटून न्यायचा. सावजी करायचीच असेल तर मटण मात्र बर्फाच्या पेटीत, आणि पहिल्याच रात्री संपवायचं.

सकाळी पोहे. तर्रीचे हरभरे घरी उकडून न्या, तर्रीचा मसाला परतून छोट्या डब्यात. तिथे पाणी घालून उकळी आणली की दहा मिनिटांत काम. फल्लीदाणे, चिवडा, भाजलेले मुरमुरे हे तर सांगायची गरजच नाही, ते कोणीतरी दुपटीने आणतंच. तेलाच्या आणि मसाल्याच्या डब्यांची झाकणं चिकटपट्टीने बंद करा. तंबूत तेल सांडलं की मुंग्या येतात, आणि तो वास पुढच्या हिवाळ्यापर्यंत जात नाही.

छोटी गॅसची शेगडी रेल्वेने नेता येईल का?

नाही. पचमढीसाठी पिपरियापर्यंत रेल्वेने जाणारे हे हमखास विचारतात. ज्वालाग्राही वस्तू डब्यात नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रॉकेलची बाटली, फटाकेही त्यातच आले. शेगडीचं रिकामं धड न्या आणि गॅसचा डबा मुक्कामी पोचल्यावर मिळतो का ते आधी विचारा.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक बारकावा. या छोट्या डब्यांत बहुधा ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशांच्या आसपास वायू व्हायचं थांबतो. पाच-सहा अंशांच्या पहाटे ज्योत मरगळते आणि चहाला अर्धा तास लागतो. डबा गॅस भरलेला असून संपल्यासारखा वाटतो. रात्री तो कपड्यांत गुंडाळून ठेवा आणि सकाळी थोडा वेळ जर्किनमध्ये धरा. आगीवर किंवा गरम पाण्यात मात्र कधीही नाही.

शेकोटीसाठी लाकूड जंगलातून गोळा करावं का?

नको. वनातून लाकूड उचलणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि पडलेल्या ओंडक्याखाली कोण राहतं ते उचलल्यावरच कळतं. गावातून विकत घ्या, किंवा घरून गोवऱ्या न्या. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. सागाचा पाचोळा पडलेला असतो, एक ठिणगी पुरते. त्या काळात जंगलालगत शेकोटीचा विचारच सोडा.

माचिस दोन ठिकाणी ठेवा, एक पन्नीत. तंबू शेकोटीपासून आठ-दहा पावलं दूर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. नायलॉनला ठिणगी लागली की लगेच भोक पडतं. विझवायला एक बादली पाणी बाजूला भरून ठेवायचं.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: निखाऱ्याचं घमेलं ऊब म्हणून तंबूत घेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, झोपेतच माणूस जातो. गॅसची शेगडीही तंबूत पेटवायची नाही. मच्छर अगरबत्तीही बाहेरच.

साप-विंचवाची भीती वाटते. त्यासाठी काय न्यावं?

न्यायचं फार नाही, पाळायचं जास्त आहे. आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा जवळजवळ दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं. लोक याला अपचन समजून वेळ घालवतात. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू, आणि चेन दिवसासुद्धा बंद. तंबू नसेल तर जमिनीवर नाही, बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

प्रत्येकाला स्वतःची टॉर्च पाहिजे. रात्री लघवीला जाताना एकाच टॉर्चमागे तिघं गेले तर मागच्या दोघांचे पाय अंधारात. बूट रात्री आत घ्या, सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटा.

चावलंच तर कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. चावलेला हात किंवा पाय काठी-दुपट्ट्याने हलणार नाही असा बांधा, अंगठी-कडं काढा, माणसाला चालवू नका, आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. औषध एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच देतात. निघण्यापूर्वी मुक्कामाजवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते नकाशावर पाहून ठेवा. प्रत्येक वेळी नागपूरच्या मेडिकल-मेयोपर्यंत यायला वेळ असेलच असं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन्यप्राण्यांबाबत वनविभागाची हेल्पलाइन १९२६. हे दोन्ही कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.

औषधांच्या पेटीत काय असावं?

रोजच्या गोळ्या सर्वांत आधी, एका जास्तीच्या दिवसाच्या. बीपी-शुगरवाले घरी विसरून येतात ते हेच. मग पॅरासिटामॉल, ओआरएस, ॲलर्जीची आणि पोट बिघडल्याची तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, जंतुनाशक, कापूस, पट्टी, चिकटपट्टी, बारीक चिमटा, भाजल्यावर लावायचं मलम. डास-किड्यांचं क्रीम.

पावसाळा संपता संपता गवतात बसणं-लोळणं टाळा. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. सतरंजी अंथरल्याशिवाय बसू नका, ओले कपडे गवतावर वाळत टाकू नका. परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि अंगावर काळ्या खपलीसारखा डाग दिसला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर साध्या औषधाने बरा होतो.

बूट कसे हवेत?

बंद, जुने, पायाला बसलेले. नवे कोरे बूट मुक्कामाला नकोत.

ऑक्टोबर ते जानेवारी आपल्याकडे कुसळीचं गवत पिकलेलं असतं. कुसळाचं टोक टोकदार, मागे लांब शेपूट. ओलावा लागला की शेपटाचा पीळ सुटत जातो, ते फिरतं आणि टोक आत आत शिरतं. जाळीचे स्पोर्ट शूज आणि लोकरी मोजे म्हणजे कुसळांना आमंत्रणच. संध्याकाळी मोज्यातून एकेक उपटत बसावं लागतं, आणि जे राहतं ते रात्री टोचतं. चामड्याचे किंवा जाड कापडाचे बूट, गुळगुळीत कापडाची फुलपँट, पँटच्या घडीवर एक रबरबँड. मोजे धुण्याआधी जुन्या कंगव्याने विंचरले की बरीच कुसळं सुटतात. तंबूभोवती फिरायला आणि संडासला जायला एक जोड सँडल.

टॉर्च कोणती घ्यावी?

डोक्याला बांधायची. रात्री भांडी घासताना, खुंटी ठोकताना दोन्ही हात मोकळे हवेत. लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथलं आकाश पाहायचं तर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून. लाल दिवा नसेल तर काचेवर लाल जिलेटीनचा कागद आणि रबरबँड. अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. पौर्णिमेला जाऊन तारे शोधू नका.

पॉवर बँक घरीच पूर्ण भरून घ्या. टॉर्चचे सुटे सेल घ्या.

वाघ नाही, पण माकडांचं आणि अस्वलांचं काय?

वानरं दिवसा येतात आणि पन्नीचा आवाज ओळखतात. खाण्याचं सगळं झाकणाच्या घट्ट डब्यांत आणि डबे गाडीत. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको: रात्री उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा अस्वलं भल्या पहाटे मोहाखाली असतात, त्या झाडांजवळ मुक्काम करू नका. सेंट, अत्तर घरी ठेवा. आग्या मोहोळ जवळ असेल तर सेंट आणि धूर दोन्ही महागात पडतात.

संडासची सोय नसेल तर?

छोटं खुरपं, गडवा, साबण, टॉर्च. पाण्यापासून आणि वाटेपासून चांगलं लांब, वीतभर खड्डा, नंतर माती. उजेड असतानाच जागा पाहून ठेवा. सॅनिटरी पॅड मोजून चार जास्तीचे घ्या आणि वापरलेले कागदात गुंडाळून, चेनच्या काळ्या पिशवीत परत आणा. पुरले तर प्राणी उकरतात. ही पिशवी आधीच वेगळी करून ठेवलेली असली की बायका-मुलींना कोणाला काही विचारावं लागत नाही.

लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर?

मुलांना माणशी कपड्यांचे दोन जोड जास्त, एक शिट्टी गळ्यात आणि स्वतःची टॉर्च. आजी-आजोबांना दुमडती खुर्ची. त्यांना जमिनीवरून उठायला लावणं, तेही रात्री तंबूतून वाकून, हा जाच आहे. घडीची खाट गाडीत बसत असेल तर तीही न्या, आणि तिच्यावरही खाली गोधडी अंथराच, कारण खाटेखालून वारा लागतो.

एवढं सगळं नागपुरात घ्यायचं कुठून? खर्च फार होईल ना?

पहिल्या वेळी तंबू भाड्याने घ्या. घेतानाच दुकानात उघडून काठ्या, खुंट्या आणि चेन तपासा, उंदराने कुरतडलेलं भोक आहे का पाहा. दोरी, ताडपत्री, गोणपाट, लोखंडी खुंट्या इतवारीत स्वस्त. टॉर्च, कानटोप्या, मोजे सीताबर्डीच्या मेन रोडवर. पैसे घालायचेच असतील तर आधी फोमच्या चटईत, मग डोक्याच्या टॉर्चमध्ये, मग स्लीपिंग बॅगमध्ये. तंबूचा नंबर शेवटचा. दुमडती टेबलं, तारांचे दिवे, बार्बेक्यूची जाळी दुकानात फार छान दिसतात. दोन हिवाळे गेल्यावर घ्या, तोवर त्यातलं काय लागतं ते कळलेलं असेल.

ब्लूटूथ स्पीकर नेऊ का?

नको.